लाईन हातात आली, आता स्वतःकडे बघा: नव्या सुपरवायझरसाठी पहिले ९० दिवस

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर... एमआयडीसी कुठलीही असो, सुपरवायझर बहुतेकदा एकाच पद्धतीने तयार होतो. सेटिंग चांगलं जमतं, आवाजावरून टूल (कापणारं हत्यार) झिजलंय हे ओळखतो, दांड्या मारत नाही, म्हणून एका सोमवारी त्याच्या हातात २० जणांची लाईन येते. सेटिंग शिकायला त्याला चार-पाच वर्षं मिळालेली असतात, माणसं सांभाळायला शिकायला एक दिवसही नाही. मग पहिल्या महिन्यात तो आधीच्या सुपरवायझरची नक्कल करतो, नाहीतर ठरवून त्याच्या बरोबर उलट वागतो. दोन्ही फसतं, कारण दोन्हीत स्वतःचा स्वभाव हिशेबात धरलेला नसतो.

स्वतःला ओळखण्याचा आणि प्रॉडक्शनचा काय संबंध, असं वाटत असेल तर एक साधा हिशेब बघा. मिनिटाला एक पीस काढणारं मशीन आहे. १०:१० ला ऑपरेटरच्या लक्षात येतं की बोअर (पिसातलं भोक) मोठा येतोय. तुमच्याकडे यायचं की नाही, हे तो तुमच्या चेहऱ्यावरून आणि मागच्या वेळच्या अनुभवावरून ठरवतो. लगेच आला तर पाच-सहा पीस लाल डब्यात, म्हणजे खराब पिसांच्या डब्यात, जातात. ‘जेवणानंतर बघू’ म्हणून पावणेएकला आला, तर दीडशेच्या वर. गेज तेच, ड्रॉइंग तेच. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते, एवढाच फरक. खाली जे काही करायला सांगितलंय, ते हा वेळ कमी करण्यासाठी.

सामान फारसं लागत नाही. शंभर पानी वही, शिफ्ट सुटल्यावर १० मिनिटं, आणि खरं बोलतील अशी तीन माणसं. तिसरी गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड, म्हणून तिच्याकडे सावकाश येऊ.

पहिले १४ दिवस: फक्त नोंद

वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, काय झालं, मी काय बोललो किंवा केलं, त्यानंतर काय झालं. दिवसाला दोन-तीन नोंदी पुरे. बोललेलं शब्दशः लिहा, गुळगुळीत करू नका.

‘आज लोक ऐकत नव्हते, डोकं फिरलं’ ही नोंद कामाची नाही. तो निकाल झाला. कामाची नोंद अशी असते: ‘११:२०. सहा पीस ओव्हरसाईज. मी लाईनवर सगळ्यांसमोर म्हणालो, डोळे कुठे होते? ऑपरेटर गप्प. दोन वाजता इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलायचा होता, मला न विचारता बदलला, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) चुकला.’ पहिल्या नोंदीत लोकांचा दोष दिसतो. दुसरीत एक साखळी दिसते आणि तिची पहिली कडी कुणाची, हेही दिसतं.

‘मी असं का वागलो?’ हा प्रश्न या १४ दिवसांत वहीत आणू नका. ‘का’ विचारलं की मन लगेच वकील होतं: दबावच तसा होता, डिस्पॅचची गाडी उभी होती, समोरचा मुद्दामच करतो. कारणं खरी असतीलही, पण त्यांनी पुढचा दिवस बदलत नाही. ‘काय’ आणि ‘कधी’ यावर राहा.

पंधराव्या दिवशी पेन घेऊन बसा आणि सारखं दिसेल ते अधोरेखित करा. तीच वेळ? तोच माणूस? त्याच प्रकारचा प्रसंग? बऱ्याच जणांच्या वहीत पुढच्यापैकी काहीतरी सापडतं: प्रॉडक्शन मॅनेजरच्या बैठकीतून परत आल्यावरचा अर्धा तास, जेवणाच्या आधीची वेळ, तिसऱ्या शिफ्टची पहाट, महिन्याचा शेवटचा आठवडा. कुणाला एखाद्याच माणसाचा आवाज खटकत असतो आणि तो माणूस बहुधा कामात चांगला असतो. हे सापडलं की अर्धं काम झालं.

ही वही लाईनच्या टेबलावर ठेवू नका. कुणी वाचली तर तिचं आरोपपत्र व्हायला वेळ लागत नाही.

स्वभावाला औषध नाही, पण पथ्य आहे

आता स्वभाव. बाजारात स्वभावचाचण्या ढीगभर आहेत आणि एचआर कधीकधी एखादी करायला लावतं. निकाल वाचून ‘अरे, हा तर मीच!’ असं झालं, तर जरा थांबा. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात ‘तुमचं’ म्हणून स्वभाववर्णन ठेवलं. अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं आणि त्यातला बराच मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. चार अक्षरांत माणूस बसवणाऱ्या (एमबीटीआयसारख्या) चाचण्यांचीही तीच गत: काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचा ‘प्रकार’ बदलतो.

त्यातल्या त्यात अभ्यासाचा आधार असलेली मांडणी पाच गुणांची आहे: बहिर्मुखता, काटेकोरपणा, नव्याची ओढ, मनाची चलबिचल आणि सौजन्य. यात माणूस अमुक ‘प्रकारचा’ नसतो, प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात असतो. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून या गुणांचा नेतृत्वाशी संबंध मोजला. बहिर्मुखता ०.३१, काटेकोरपणा ०.२८, नव्याची ओढ ०.२४, चलबिचल उणे ०.२४, सौजन्य ०.०८. पूर्ण संबंध असता तर आकडा १ आला असता. ०.३१ चा वर्ग केला तर साधारण ०.१ येतो, म्हणजे सगळ्यात जोरदार गुणसुद्धा नेत्यानेत्यांतल्या फरकाचा दहावा भाग सांगतो. तेव्हा ‘मी अबोल आहे, मला लाईन जमणार नाही’ हे डोक्यातून काढा. ‘मी बोलका आहे, मला सगळं जमतं’ हेही काढा.

या पाचांपैकी शॉप फ्लोअरवर सगळ्यात जास्त घोळ घालतं ते सौजन्य, आणि आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: भीड. भिडस्त सुपरवायझरची लाईन पहिले दोन महिने छान चालते. कुणाला नाही म्हणायचं नाही, सुट्टी मागितली की दिली, उशिरा आलेल्याला हसून आत घेतलं. मग गौरी-गणपतीच्या आठवड्यात २० पैकी आठ जणांची रजा मंजूर झालेली असते. लाईन चालवायला १४ लागतात. अशा वेळी भिडस्त माणूस सर्वांत कमी कुरकुर करणाऱ्याची रजा रद्द करतो, आणि पुढे नेमका त्याच्याच मनातून उतरतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं. यावरचं पथ्य म्हणजे ‘नाही’ म्हणायची जबाबदारी नियमाकडे द्यायची. सणाच्या महिनाभर आधी रजेचा तक्ता भिंतीवर लावा, एका दिवशी जास्तीत जास्त किती रजा हा आकडा वर मोठ्या अक्षरात लिहा, मागच्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याचं नाव यंदा आधी. आता मागायला आलेल्याला तुम्ही फक्त तक्ता दाखवता.

काटेकोर माणसाचं दुखणं वेगळं. त्याचं काम चोख असतं म्हणूनच तो वर आलेला असतो, आणि दुसऱ्याच्या हातून होणारं काम त्याला बघवत नाही. ‘सरक, मी करतो’ म्हणत तो ऑपरेटरच्या हातातून पाना घेतो. पाच मिनिटं वाचतात आणि पुढची पाच वर्षं ती सेटिंग त्यालाच करावी लागते. पथ्य अगदी शारीरिक आहे: हात मागे बांधून उभे राहा आणि १० मिनिटं पाना मागू नका. माणसाला किंवा मशीनला धोका दिसला, तरच मध्ये पडा.

मनाची चलबिचल जास्त असेल, म्हणजे चटकन ताण येत असेल किंवा पारा चढत असेल, तर पथ्य वेळेचं. बैठकीतून थेट लाईनवर जायचं नाही. पाणी प्या, एक चक्कर मारा, मग जा. तीन मिनिटं पुरतात. नव्याची ओढ जास्त असलेल्यांनी एका महिन्यात एकच सुधारणा सुरू करावी, एवढंच.

बहिर्मुखतेबद्दल एक जरा गंमतशीर निष्कर्ष आहे. ॲडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी पिझ्झा पोचवणाऱ्या एका साखळीतल्या ५७ दुकानांचा अभ्यास केला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार सांगितलं तेवढंच करणारे असतील, तर बोलका, उत्साही व्यवस्थापक असलेल्या दुकानाचा नफा जास्त. पण कामगार स्वतःहून सुधारणा सुचवणारे असतील, तर चित्र उलटं. बोलक्या व्यवस्थापकाला त्या सूचना ऐकायला जड जातात. तुमच्या लाईनवर जुने जाणते ऑपरेटर असतील, तर शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या बैठकीत तुमचं मत शेवटी मांडा. आधी मांडलंत की बाकीचे मान डोलावतात आणि बैठक दोन मिनिटांत ‘यशस्वी’ होते.

तिसरा आठवडा: तीन माणसांना विचारणं

स्वतःबद्दल सगळं स्वतःलाच कळतं असं नाही, आणि दुसऱ्यांना कळतं तेच खरं असंही नाही. सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये याची वाटणी दाखवली. आतली घालमेल, चिंता आपली आपल्याला जास्त कळते. बोलकेपणासारखं वरून दिसणारं दोघांनाही सारखंच कळतं. मात्र हुशारी, कल्पकता अशा ज्या गुणांशी आपली प्रतिष्ठा जोडलेली असते, तिथे आपला अंदाज चुकतो आणि जवळच्या माणसाचा अंदाज जास्त बरोबर निघतो. निःपक्षपातीपणाही अशाच नाजूक जागेचा आहे. ‘मी सगळ्यांशी सारखाच वागतो’ हे वाक्य स्वतःच्या तोंडून पुरावा म्हणून चालत नाही.

तीन माणसं अशी निवडा: लाईनवरचा एक जुना कायम ऑपरेटर, क्वालिटीतला एक इन्स्पेक्टर, आणि पुढच्या शिफ्टचा सुपरवायझर, जो रोज तुमच्याकडून हँडओव्हर घेतो. तिसरा फार उपयोगाचा, कारण तुमचा अर्धवट टाकलेला पसारा त्याच्याच पदरात पडतो आणि तुम्हाला घाबरायचं त्याला कारण नसतं. कंत्राटी कामगाराला आणि ट्रेनीला या कामासाठी अडचणीत टाकू नका. ज्याचं पुढच्या महिन्याचं काम तुमच्या शब्दावर आहे, तो खरं बोलेल ही अपेक्षाच चुकीची.

‘काका, माझं काही चुकतं का हो?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘नाही साहेब, मस्त चाललंय.’ हे खोटेपण नव्हे, तो साधा शिष्टाचार आहे. प्रश्न इतका बारीक करा की ‘मस्त’ हे उत्तर बसणारच नाही. ‘काका, मी बैठकीतून परत येतो ना, तेव्हा लाईनवर कुठली एक गोष्ट करायची मी बंद करावी?’ इन्स्पेक्टरला: ‘माझ्या लाईनचा पीस रिजेक्ट केल्यावर मला सांगायला यायचं म्हटलं की तुझ्या मनात काय येतं?’ पुढच्या शिफ्टवाल्याला: ‘हँडओव्हरमध्ये मी नेहमी काय सांगायचं विसरतो?’ वहीतल्या नोंदी इथे उपयोगी पडतात, प्रश्न त्यातूनच निघतात.

जागा केबिन नको. केबिनमध्ये बोलावलं की लाईनवर चर्चा सुरू होते. कँटीनचं टेबलही नको, तिथे कान फार. गेटकडे चालत जाताना किंवा बसची वाट बघताना विचारा. उत्तर मिळालं की तुम्ही फक्त ‘बरं, कळलं’ म्हणायचं. ‘पण त्या दिवशी काय झालं होतं माहितीये का...’ हे वाक्य जिभेवर आलं, तरी गिळा. एकदा खुलासा दिलात की त्या माणसाकडून ते शेवटचं खरं उत्तर. आणि सात दिवसांच्या आत ऐकलेल्यापैकी एक लहान गोष्ट दिसेल अशी बदला. विचारून काहीच न करण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

जे सांगत नाहीत त्यांचं कसं कळणार? खुणांवरून. बिघाड झाला की आधी तुम्हाला हाक येते की मेंटेनन्सला? तुम्ही जवळ आलात की बोलणं थांबतं, की आवाज तसाच राहतो? रजा समोर येऊन मागतात, की रात्री व्हॉट्सॲपवर कळवतात? लाल डब्याच्या नोंदी दिवसभर पसरलेल्या आहेत, की सगळ्या शिफ्ट सुटताना एकदम? शेवटची खूण वाईट. लोक खराब पीस साठवून ठेवतायत, शक्यतो तुमची पाठ वळेपर्यंत.

इथे नवे सुपरवायझर एका गोष्टीने हमखास घाबरतात. वागणं सुधारलं की पहिल्या महिन्यात नोंदलेलं रिजेक्शन वाढतं. एमी एडमंडसन यांना १९९६ च्या एका अभ्यासात रुग्णालयांमध्ये असंच दिसलं होतं: ज्या वॉर्डांतलं वातावरण आणि नेतृत्व चांगलं, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या. चुका जास्त होत होत्या असं मानायचं कारण नव्हतं, लोक त्या सांगायला कचरत नव्हते. तुमच्या लाईनवर काय चाललंय हे तपासायला दोन आकडे शेजारी ठेवा: लाईनवर पकडलेले खराब पीस आणि अंतिम तपासणीत किंवा ग्राहकाकडे सापडलेले. पहिला वाढून दुसरा उतरत असेल, तर तुमचं बरोबर चाललंय. दोन्ही वाढत असतील, तर स्वभाव बाजूला ठेवा आणि फिक्श्चर (पीस पकडून ठेवणारा साचा) तपासा. हा हिशेब मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर महिन्याच्या बैठकीत पहिल्या आकड्यावरूनच तुमची हजेरी घेतली जाईल.

ओव्हरटाईमची यादी हाच आरसा

काल बाजूच्या मशीनवर डबा वाटून खाणारा मित्र आज तुम्हाला रिपोर्ट करतो. त्याच्याशी एकदम ‘अहो-जाहो’ सुरू करू नका, नाटकी वाटतं. ‘अरे’ ठेवा. पण एक पाळा: चांगल्या मूडमध्ये ‘अरे’ आणि रागात ‘अहो, तुम्ही जरा...’ असा बदल होऊ देऊ नका, २० जण तो टिपतात. वयाने मोठ्यांना काका, दादा म्हणत आला असाल तर तेच चालू ठेवा. काका म्हणूनही चूक दाखवता येते.

आपला पक्षपात वहीत सापडत नाही, कारण तो आपल्याला पक्षपात वाटतच नाही. तो कागदावर सापडतो. मागच्या चार आठवड्यांची ओव्हरटाईमची यादी घ्या आणि नावापुढे तास मांडा. ओव्हरटाईमला दुप्पट दर असतो, त्यामुळे कुणाला किती तास मिळाले हे लाईनवर प्रत्येकाला तोंडपाठ असतं, तुम्हाला नसेल तरी. मग तसंच जड किंवा घाणीच्या स्टेशनचं करा: डीबरिंगवर (पिसाच्या कडा घासून साफ करणं), वॉशिंगवर कोण किती दिवस होतं? वरची तीन नावं तुमच्या गावाकडची, तुमच्या बसची किंवा तुमच्या जुन्या शिफ्टची निघाली, तर कारणं शोधत बसू नका. पुढच्या महिन्यापासून पाळी लावा आणि यादी बोर्डावर टाका.

चूक कशी सांगायची

अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या प्रतिसादावरचे (फीडबॅक) प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रतिसाद दिल्यानंतर काम बिघडल्याचे प्रसंग एक-तृतीयांशाहून जास्त निघाले. लक्ष कामावरून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की असं होतं. ‘तू निष्काळजी आहेस’ ऐकल्यावर माणूस गेज बघत नाही, स्वतःची बाजू तयार करतो. म्हणून चार गोष्टी सांगा आणि थांबा: कुठला पीस, किती वाजता, मापात किती फरक, आता पुढचं पाऊल काय. ‘११ च्या सुमाराचे सहा पीस, बोअर २० मायक्रॉन वर. इन्सर्ट किती पिसांवर बदललास? आता पुढचे दहा पीस प्रत्येकी गेज करू.’ बाजूला घेऊन, एक मिनिटात.

याला एक अपवाद आहे आणि तो ठळक आहे. गार्ड उघडा ठेवून हात आत गेला, कुणी इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारी सोय) बांधून ठेवला, फोर्कलिफ्टच्या वाटेत माणूस आला, तर वरचं सगळं विसरा आणि ओरडा. आधी मशीन बंद, नंतर शिष्टाचार.

महिन्यानंतर: एकच सवय

वही, तीन उत्तरं आणि यादी मिळून तुमच्याकडे सुधारण्यासारख्या सात-आठ गोष्टी जमतील. एकच निवडा, तीही रोज घडणारी. मग ती मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या ‘जर-तर’ पद्धतीने लिहा. ‘मी शांत राहीन’ हा नुसता संकल्प झाला, आणि संकल्पांचं काय होतं ते जानेवारीत सगळ्यांना माहीत असतं. ‘जर कुणी रिजेक्शन सांगायला आला, तर मी आधी विचारीन: किती वाजल्यापासून?’ याला पद्धत म्हणतात. प्रसंग ठरलेला, पहिलं वाक्य ठरलेलं. रागाच्या क्षणी नवं वाक्य सुचत नसतं, तयार असलेलंच तोंडातून निघतं.

रोज वहीत बरोबर किंवा चूक अशी एक खूण करा. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. २१ दिवसांत जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

या काळात दोन आडवळणं हमखास लागतात. पहिलं म्हणजे ‘माझा स्वभावच असा आहे, मनात काही नसतं’ हे आधीच जाहीर करून ठेवणं. ऐकणाऱ्याला मनातलं दिसत नाही, कानावर पडलं तेवढंच त्याच्याकडे असतं. दुसरं त्याच्या उलट: वही लिहिता लिहिता सतत स्वतःलाच कुरतडणं आणि लाईनवर दर तासाला माफी मागत फिरणं. एका चुकीला एक माफी, थोडक्यात, ज्याच्यावर ओरडलात त्याच्यासमोर. सगळ्यांसमोर ओरडला असाल, तर सगळ्यांसमोर. तेवढ्यावर विषय बंद.

नव्वदाव्या दिवसाच्या आसपास त्याच तिघांना तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि तिसऱ्या आठवड्यातली उत्तरं शेजारी ठेवून बघा. उत्तर बदललं असेल, तर यादीतली पुढची गोष्ट घ्या. तेच उत्तर आलं, तर ‘जर-तर’चं वाक्य बदला, बहुधा त्यातला प्रसंग चुकीचा पकडला गेलेला असतो: तुम्ही रिजेक्शनवर काम करत होतात आणि लोकांना तुमचं जेवणाआधीचं बोलणं लागत होतं. आणि तिघांनीही ‘मस्त चाललंय साहेब’ म्हटलं, तर विचारायची माणसं बदला. सुरुवात दुसऱ्या खात्यातून करा, स्टोअरमधून किंवा मेंटेनन्समधून, जिथे तुमच्या साहेबपणाचं ओझं नाही.